गावची हवा आपली आपण कशी ओळखायची? कोकणातल्या छोट्या गावासाठी वर्षभराचं गाईड

मुंबईवरनं चाकरमानी येतात ते गणपतीत नाहीतर मे महिन्यात, आणि एसटीतनं उतरल्या उतरल्या पहिलं वाक्य ठरलेलं, काय मस्त हवा आहे रे तुमच्याकडे. आता ते खोटं नाहीये, कारण त्या दोन्ही वेळेला वारा समुद्रावरनं जमिनीकडे येत असतो आणि समुद्रावर धूर करायला कोण बसलंय. पण हेच लोक फेब्रुवारीत पहाटे सहाला खोऱ्यातल्या एखाद्या वाडीत उभे राहिले तर घसा खवखवेल, डोळे चुरचुरतील, आणि धुकं म्हणून ज्याचा फोटो काढतील त्यात बराचसा धूर असेल.

हे गाईड बारा महिने इथेच राहणाऱ्यांसाठी आहे. घरात दम्याचं माणूस आहे, लहान पोर आहे, आई अजून चुलीशी बसते, किंवा नुसतंच सकाळी फिरायला जायची सवय आहे, अशांना उपयोगी पडेल. मुद्दा आधीच सांगून टाकतो: आपल्याकडे हवेचा त्रास शहरासारखा सकाळ-संध्याकाळ सारखा नसतो, ठराविक महिन्यांत ठराविक तासांना असतो, त्यामुळे मशीनवर पैसे घालण्याआधी ते तास ओळखायला शिका.

पायरी १: मोबाईलवरच्या आकड्याला किती मानायचं

हवामानाच्या ॲपमध्ये गावाचं नाव टाकलं की एक्यूआय म्हणून, म्हणजे हवा किती खराब आहे ते सांगणारा आकडा येतो आणि लोकांना वाटतं कुठेतरी ग्रामपंचायतीच्या गच्चीवर मशीन बसवलंय. बहुतेक छोट्या गावांत असं काही नसतं. तो आकडा मॉडेलमधनं आलेला असतो, उपग्रहाची माहिती, वाऱ्याचा अंदाज आणि लांबच्या स्टेशनांचे आकडे यांच्यावरनं काढलेला. जगभराच्या मॉडेलमध्ये एकेक चौकट चाळीसेक किलोमीटरचीसुद्धा असते, म्हणजे मालवणचा किनारा आणि कुडाळ एकाच चौकटीत येऊ शकतात. शेजारच्या वाडीत कोणी पाचोळा पेटवला तर ते त्याला कळणारच नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचं समीर नावाचं ॲप आहे, त्यात प्रत्यक्ष मोजणी करणारी स्टेशनं दिसतात, तुमच्या सगळ्यात जवळचं कुठलं आणि किती लांब ते एकदा बघून घ्या म्हणजे मनात शंका राहत नाही.

दुसरी गडबड पट्टीची. आपली भारतीय पट्टी २०१४ साली आली आणि अमेरिकन पट्टी वेगळी आहे, फोनवरची बरीच ॲप्स अमेरिकन वापरतात आणि ते कुठे लिहिलंय हे शोधावं लागतं. उदाहरण घ्या, हवेत पीएम २.५ म्हणजे अगदी बारीक कण घनमीटरला ४५ मायक्रोग्रॅम आहेत. भारतीय पट्टीवर एक्यूआय येतो ७५ च्या आसपास, शेरा 'समाधानकारक'. अमेरिकन पट्टीवर तीच हवा १२४ च्या आसपास जाते आणि नाजूक तब्येतीच्या लोकांनी जपा असं सांगते. हवा तीच. म्हणून ॲपमध्ये एक्यूआयवर टॅप करून आत पीएम २.५ चा मूळ आकडा बघायची सवय लावा. आपल्याकडे २४ तासांच्या सरासरीची कायदेशीर मर्यादा ६० आहे, जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये ती १५ सांगितली. मी घरात दमेकरी असेल तर ३० च्या वर सावध राहायला सांगतो, भारतीय पट्टीत 'चांगली' हा शेरा तिथेच संपतो.

पायरी २: वारा कुठून येतोय ते लिहून काढा

ही पायरी लोक टाळतात कारण साधी वाटते, आणि सगळ्यात जास्त उपयोग हिचाच होतो. अंगणात एका काठीला जुन्या पातळ साडीची पट्टी बांधा, झाड आणि घरापासून जरा लांब, आणि एक आठवडाभर सकाळी सहा, नऊ, दुपारी एक आणि संध्याकाळी सात अशा चार वेळा वारा कुठून आहे ते वहीत लिहा. जोडीला धुराचा वास आहे की नाही, एवढंच. थंडीत एक आठवडा, मार्चअखेर एक, आणि जमलं तर ऑक्टोबरात एक.

दिसेल ते असं. रात्री जमीन लवकर थंड होते, गार हवा सह्याद्रीच्या उतारावरनं खोऱ्यात उतरते आणि तिथनं नदीच्या कडेकडेने समुद्राकडे जाते. शाळेत मतलई वारे शिकलो तेच हे. दिवसा जमीन तापली की उलटं, खारं वारं आत येतं. किनाऱ्याच्या खलाटीत ते सकाळी दहा-अकरालाच लागतं, वलाटीत म्हणजे घाटाकडच्या गावांत दुपार होते. आता गंमत अशी की पहाटेच्या गार हवेवर उबदार हवेचं झाकण बसतं, त्यामुळे रात्रभरात जे काही जळलं, चुली, बंब, पाचोळा, कचरा, त्याचा धूर वर न जाता खोऱ्यातच पसरून राहतो. ऊन चढून जमीन तापली की हे झाकण मोडतं, साधारण नऊ ते दहा. सड्यावरच्या म्हणजे वरच्या कातळपठारावरच्या घरांना हा त्रास फार कमी, खाली व्हाळाकाठच्या म्हणजे ओढ्याकाठच्या वाडीला जास्त. म्हणजे एकाच गावात दोन हवा असतात आणि ॲपवर दोघांना एकच आकडा.

काही दिवस, विशेषतः फेब्रुवारी-मार्चमध्ये, पूर्वेचा वारा जोरात असतो आणि खारं वारं उशिरा येतं किंवा येतच नाही. त्या दिवशी धूळही जास्त आणि उकाडाही भयंकर. किनारपट्टीसाठी हवामान खात्याची उष्णतेच्या लाटेची अट म्हणूनच वेगळी आहे, ३७ अंश किंवा जास्त आणि नेहमीपेक्षा निदान साडेचार अंश वर. देशावरचे लोक ३७ ऐकून हसतात, पण इथल्या दमटपणात ३७ म्हणजे काय ते ज्याला आंबे काढायचेत त्याला विचारा.

पायरी ३: डोळ्यांनी मोजा

घराच्या पडवीतनं किंवा जवळच्या उंचवट्यावरनं दिसणाऱ्या तीन खुणा ठरवा, एक अर्ध्या किलोमीटरवरची, एक दोन-तीनवरची, आणि एक लांबची, डोंगराची धार वगैरे. रोज एकाच वेळी बघायचं कुठली स्पष्ट दिसते, कुठली पुसट. मोबाईलने एकाच जागेवरनं फोटो काढलात तर अजून चांगलं, महिन्याभरात फरक आपोआप दिसतो.

धुकं की धूर हे ओळखायचं तर: धुकं पांढरं, ओलसर, गवतावर दव असतं, वास नाही, ऊन आलं की तासाभरात सुटतं. धूर निळसर किंवा मळकट, वास येतो, आणि ऊन आल्यावरही लांबचा डोंगर पुसटच. दोन्ही एकत्र असतात तो सगळ्यात वाईट दिवस. अगदी समुद्रकाठी वारा जोरात असताना दुपारी पांढुरका धूसरपणा दिसतो तो बराचसा खाऱ्या पाण्याच्या तुषारांचा, त्याची फार काळजी नको. आणि कधीतरी वर्षा-दोन वर्षांनी लांबची धूळ येते, २०२२ च्या जानेवारीत अरबी समुद्रावरनं आलेल्या धुळीने मुंबईत गाड्यांवर पांढरा थर बसला होता, ते आठवत असेल. अशा दिवशी दारं-खिडक्या बंद आणि ओल्या फडक्याने पुसणं, झाडू नाही मारायचा.

अजून एक खूण म्हणजे कोणाच्याही घरावरनं निघणारा धूर. सरळ वर जाऊन विरतोय तर हवा खेळती आहे. थोडा वर जाऊन आडवा झाला आणि चादरीसारखा पसरला तर झाकण बसलेलं आहे, तेव्हा फिरायला जायचं नाही.

पायरी ४: थंडीत दिनक्रम सरकवा

डिसेंबर ते मार्च. पहाटे उठून चालायला जाणं तब्येतीला चांगलं हे आपल्या डोक्यात पक्कं बसलंय, पण खोऱ्यातल्या गावात या चार महिन्यांत साडेपाचची वेळ सगळ्यात खराब. नऊनंतर जा नाहीतर संध्याकाळी चार ते साडेपाच, म्हणजे चुली पेटायच्या आत. आजोबा ऐकणार नाहीत हे मला माहितीये, त्यांना निदान सड्याच्या रस्त्याने पाठवा. खिडक्या रात्री आणि पहाटे बंद, दहा-अकराला सगळ्या उघडायच्या, वारा आरपार जाऊ द्यायचा, संध्याकाळी सहाला परत बंद. यात एक पैसा खर्च नाही.

आंब्याच्या बागा जवळ असतील तर याच दिवसांत मोहोराच्या फवारण्या चालू असतात. बागवाल्याला फोन करून विचारायला लाजू नका, बाबा उद्या किती वाजता मारणार आहेस. त्या वेळी वाळत घातलेले कपडे आत, विहिरीवर झाकण, पोरं घरात.

पायरी ५: भाजावळ, वणवे आणि शिमगा

इथे जरा थांबून लिहितो कारण यावरनं गावात भांडणं होतात. भात लावायच्या आधी तरव्याची म्हणजे रोपं तयार करायची जागा भाजायची पद्धत जुनी आहे, शेण, कवळं म्हणजे झाडांच्या तोडलेल्या फांद्या, पाचोळा, गवत रचून पेटवायचं, त्याने तणाचं बी मरतं, राख मिळते, रोपं जोमाने येतात. शेतकऱ्याला प्रदूषण प्रदूषण म्हणून शिकवायला गेलात तर तो बरोबर उलट विचारेल की तुझ्या गाडीचं काय. बंद कर म्हणण्यापेक्षा वेळ बदल म्हणणं जास्त चालतं.

बहुतेक जण पहाटे किंवा तिन्हीसांजेला पेटवतात कारण वारा पडलेला असतो आणि आग हाताबाहेर जात नाही. शहाणपणाचंच आहे ते, पण धूर खाली बसायची वेळही तीच. दुपारी पेटवलं तर धूर उडून जाईल, पण खारं वारं जोरात असतं आणि एक ठिणगी कलमांच्या बागेत गेली की वर्षांची मेहनत संपली, काजूच्या आणि आंब्याच्या बागा दरवर्षी अशाच जळतात. मधली फट आहे सकाळी साडेनऊ ते अकरा, झाकण मोडलेलं असतं आणि समुद्राचं वारं अजून चढलेलं नसतं. घाटाकडे ही फट बारापर्यंत मिळते. कडेने चार-पाच हात पाचोळा साफ करून पट्टा काढायचा, दोन माणसं, पाण्याच्या बादल्या आणि ओले टहाळे हाताशी, आणि विझेपर्यंत जागा सोडायची नाही. वारा पूर्वेचा जोरात असेल त्या दिवशी नकोच. वाडीच्या बैठकीत एवढं जरी ठरलं की एका दिवशी दोन-तीन जणांनीच भाजायचं, तरी फरक पडतो.

बागेतला पाचोळा मात्र जाळूच नये असं माझं स्पष्ट मत आहे. खड्ड्यात टाका, कलमांच्या बुंध्याशी आच्छादन करा, ओल टिकते. प्लास्टिकचं तर बोलायलाच नको, दुधाच्या पिशव्या आणि गुटख्याच्या पुड्या पाचोळ्यात घालून पेटवणारी माणसं प्रत्येक वाडीत असतात. काजूच्या बिया अंगणात भाजत असाल तर पोरांना वाऱ्याच्या खालच्या बाजूला उभं करू नका, टरफलातलं तेल जळलं की तो धूर डोळ्यांना आणि कातडीला झोंबतो.

वणवा कुठे लागलाय ते बघायला नासाचा फर्म्स नावाचा नकाशा फुकट आहे, उपग्रहाने पकडलेल्या आगी ठिपक्यांनी दिसतात. छोटी भाजावळ किंवा ढगाखालची आग सुटू शकते, पण रात्री डोंगर पेटला असेल तर सकाळी कळतं आणि वारा तिकडून असेल तर खिडक्या बंद ठेवायच्या हे ठरवता येतं. जंगलात आग दिसली तर वन विभागाची हेल्पलाईन १९२६. शिमग्याच्या होमाबद्दल काही बोलत नाही, एक रात्र आहे, दमेकऱ्याला त्या रात्री जरा लांब बसवा आणि इनहेलर खिशात असू द्या.

पायरी ६: घरातला धूर आधी

बाहेरच्या हवेवर तावातावाने बोलतो आणि रात्री दारं लावून डासांची कॉइल पेटवतो. एका जुन्या तपासणीत एका कॉइलमधनं निघालेले बारीक कण ७५ ते १३७ सिगारेटींइतके भरले होते. मच्छरदाणी लावा, खिडक्यांना जाळी मारा. धूप, उदबत्ती, नारळाच्या सोडणांची धुरी, हे दार उघडं ठेवून आणि थोडक्यात.

चूल बंद होणार नाही, गॅस असला तरी आंघोळीचं पाणी आणि उकडे तांदूळ लाकडावरच. मग निदान हे करा: आगोटीच्या म्हणजे पाऊस सुरू व्हायच्या आधीच लाकडं फोडून पडवीत कोरडी रचून ठेवा, ओल्या लाकडासारखा धूर दुसऱ्या कशाचा नाही. चुलीच्या वर धुराडं काढा, समोरासमोर दोन झरोके ठेवा, भांड्यावर झाकण ठेवा म्हणजे लवकर शिजतं, आणि बाळाला मांडीवर घेऊन चुलीशी बसू नका.

एअर प्युरिफायर घ्यावा का असं बरेच विचारतात. घर कौलारू आणि वर माळा-सिलिंग नसेल तर घेऊ नका, कौलांच्या फटीतनं हवा येत-जात राहते, मशीन नुसतं वीज खातं. स्लॅबची बंद होणारी खोली असेल, घरात आजारी माणूस असेल, तर एका झोपायच्या खोलीपुरता घ्या. दहा बाय बारा फुटांची, दहा फूट उंच खोली म्हणजे ३४ घनमीटर, तासाला पाच वेळा हवा गाळायची तर सीएडीआर, म्हणजे मशीन तासाला किती घनमीटर स्वच्छ हवा देतं तो आकडा, १७० च्या वर हवा. जाहिरातीतला चौरस फुटांचा आकडा बघू नका.

मास्क एन-९५ असेल तरच धुराला उपयोग, आणि तोही नाकावर घट्ट बसला तर. रुमाल-स्कार्फने हायवेची जाडी धूळ अडते, बारीक धूर नाही. मुंबई-गोवा हायवेच्या कामाशेजारून रोज बाईकने जाणाऱ्यांनी एन-९५ डिकीत ठेवाच.

सेन्सर घ्यायचा असेल तर

चार-पाच हजारांत घरगुती पीएम मीटर मिळतात. घ्या, पण इथल्या दमटपणाचं लक्षात ठेवून. आर्द्रता ८०-८५ टक्क्यांच्या वर गेली की कण पाणी पिऊन फुगतात, मिठाचे तर जास्तच, आणि लेसरवाला सेन्सर त्यांना मोठे समजून आकडा फुगवतो. जुलैत सेन्सर 'खराब' दाखवतो म्हणून घाबरू नका, आणि जानेवारीत पहाटेच्या आकड्यातलाही काही भाग दवाचा असतो. म्हणून आर्द्रता दाखवणाराच मीटर घ्या, आणि दुपारी दोनचा आकडा दुपारी दोनच्याच आकड्याशी ताडून बघा. जागा पडवीत, डोक्याच्या उंचीला, चुलीपासून आणि पागोळ्यांपासून लांब. एका क्षणाच्या आकड्याला एक्यूआय म्हणू नका, सरकारी पद्धतीत निदान १६ तासांची मोजणी आणि तीन तरी प्रदूषकं लागतात, त्यातलं एक पीएम असावंच लागतं.

पायरी ७: पावसाळा

पाऊस पडला की बाहेरची हवा धुऊन निघते, तो प्रश्न चार महिने मिटला. आता पाऊस आणि ओल.

पाऊस मोजायला सरळ बाजूंची प्लास्टिकची बाटली कापा, वरचा भाग उलटा करून नरसाळं म्हणून बसवा, तळाला खडे आणि पाणी घालून सपाट शून्य करा आणि पट्टी चिकटवा. झाडं, माड, पागोळ्या यांच्यापासून लांब. वाचायची वेळ सकाळी साडेआठ, हवामान खात्याचा पावसाचा दिवसही तेव्हाच संपतो, त्यामुळे आकडे जुळवता येतात. आपल्याकडचा पाऊस बघता मोठी बाटली घ्या आणि जोराच्या दिवशी संध्याकाळीही वाचून रिकामी करा. २४ तासांत ६४.५ मिलिमीटरच्या वर मुसळधार, ११५.६ पासून अतिमुसळधार, २०४.४ च्या वर अतिवृष्टीचा कळस. लाल-नारंगी अलर्ट याच आकड्यांना धरून येतात, पण ते सहसा जिल्ह्याचे असतात, तुमच्या वाडीत काय पडलं ते तुमची बाटली सांगेल. उताराखाली घर असेल तर सलग तीन-चार दिवसांची बेरीज ठेवा, आणि जमिनीला भेगा, खांब कलणं, झऱ्याचं पाणी अचानक गढूळ होणं यातलं काहीही दिसलं तर रात्रीची वाट न बघता निघा. २२ जुलै २०२१ ला महाडजवळच्या तळीयेत दरड कोसळून काय झालं ते सगळ्यांनी बघितलंय.

विजांसाठी दामिनी ॲप ठेवा, मे महिन्यात आणि परतीच्या पावसात तेच कामाचं. शेतीचा सल्ला दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाकडून मंगळवारी आणि शुक्रवारी येतो. मृग लागला म्हणून पेरायचं हे धरून बसू नका, २०२५ मध्ये मान्सून २५ मे लाच राज्यात पोचला होता.

ओलीचं म्हणाल तर कपाट भिंतीपासून वीतभर पुढे ओढा, भिंतीवरची बुरशी कोरड्या ब्रशने कधीच घासू नका, ती उडून नाकात जाते. मास्क लावून साबणाच्या पाण्याने पुसा, कोरडं करा. ब्लीच वापरलंत तर त्यात टॉयलेट क्लीनर मिसळू नका, विषारी वायू होतो. श्रावणात उघडीप मिळाली की गाद्या-उशा उन्हात टाका, बाकी कामं राहू देत. लाईट गेल्यावर जनरेटर पडवीतसुद्धा लावू नका, अंगणाच्या टोकाला ठेवा, त्यातल्या कार्बन मोनॉक्साईडला वास नसतो. गॅस गिझरचंही तेच, न्हाणीघराचा झरोका गोणपाट लावून बंद करणारे लोक बघितलेत मी.

पायरी ८: तक्रार

नगरपंचायतीचा कचरा उघड्यावर जळत असेल तर तोंडी सांगून काही होत नाही. हरित लवादाने डिसेंबर २०१६ मध्ये उघड्यावर कचरा जाळणाऱ्याला ५,००० आणि मोठ्या प्रमाणात जाळल्यास २५,००० रुपये दंड ठरवलाय, अर्जात त्याचा उल्लेख करा, मुख्याधिकाऱ्यांच्या नावाने द्या आणि आवक शिक्का मारलेली पोच घ्या. रस्त्याच्या कामाची किंवा क्रशर-चिरेखाणीची धूळ असेल तर मागणी नेमकी लिहा, दिवसातनं किती वेळा पाणी मारायचं, डंपरवर ताडपत्री, शाळेच्या वेळेत वाहतूक नको. नुसतं 'प्रदूषण थांबवा' लिहिलं की उत्तरही तसंच गोलगोल येतं. सोबत वहीतल्या नोंदींची झेरॉक्स जोडा, तारीख, वेळ, वारा, वास, फोटो, आणि वाडीतल्या दहा-बारा जणांच्या सह्या. एक प्रत तहसीलदारांना, एक प्रदूषण नियंत्रण मंडळाला. महिन्याने काही हललं नाही तर त्याच अर्जावर माहिती अधिकारात काय कारवाई केली ते विचारा, दहा रुपयांचं काम आहे.